भुंगा आणि सामता

२ जुलै १९६२, सोमवार

यंत्र आलं. आगरदांड्याहून बैलगाडीने, पेंढ्यात गुंडाळून. त्याच्यावर माझी छत्री. मी भिजत आलो.

सोबत तालुक्याचं पत्र आहे. विजेचं ड्रिल आणि इथलं हाताचं हत्यार यांची तुलना करायची. छपराखाली काय उपयोग, उघड्यावर काय उपयोग, वेळ किती, माणसं किती. अहवाल घ्यायला साहेब स्वतः १५ ऑगस्टला येणार. त्या दिवशी झेंडावंदन आहे, नारळी पौर्णिमा आहे, आणि गुणाजीची नवी होडी दुपारच्या भरतीला पाण्यात जायची आहे. साहेबांची तिन्ही कामं एका फेरीत.

अहवाल पसंत पडला तर सोसायटीला आणखी दोन यंत्रं, आणि मला कायमची ऑर्डर. मी मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. अकरा महिने हंगामी. माझं नाव रामचंद्र आहे. इथे ते कोणाला लागत नाही.

आमचं घर पेणकडचं, मिठागरवाल्यांचं. होडीत बसलं की मला मळमळतं. हे फक्त इथे लिहितो.

३ जुलै, मंगळवार

किनाऱ्यावर जाऊन हाताचं हत्यार पाहिलं. होडी झावळ्यांच्या मांडवाखाली उभी आहे. फासळ्या बसल्या आहेत, तळाच्या फळ्या लागल्या आहेत, वरच्या अजून निम्म्या बाकी. सुतार धर्माजी. वय बासष्ट-त्रेसष्ट. मी दहा पावलांवर पोचलो तरी म्हणाले, "कोन?"

मी नाव सांगितलं. मग हुद्दा सांगितला. मग म्हणाले, "या." गावातला मोठा कारागीर असल्याचा गर्व असावा.

हत्याराला सामता म्हणतात. हातभर लाकडी दांडा, खाली पोलादी टोक, दांड्याला दोरीचा वेढा. एकाने वरून दाबून धरायचं, दुसऱ्याने दोरी दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची. दांडा गरगर फिरतो, फळी आणि मागची फासळी यांतून आरपार भोक पडतं. मग त्यात खिळा.

धर्माजी धरतात. त्यांची बायको मनुबाई ओढतात. आणि बोलतात.

"अवो, जरा वर. तुमचं न्हेमीचं खालीच. हां. आता डावीकडं कशाला चाललाव, डावीकडं काय सासुरवाडी हाय?"

"गप गो."

"गप बसले तर भोक गावाबाहेर पडंल. वर. वर म्हनले ना. आता दाबा."

एक भोक: चार मिनिटं. बोलणं वजा केलं तर दोन. धर्माजींच्या नात्यातला, होडीचा मालक गुणाजी तिथेच होता. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "काकीची जीभ म्हंजे कहर. काकांना जेवताना घास पन सांगते, कुठं हाय तो. सोसलं बिचाऱ्यानं जन्मभर."

टिपण केलं: हाताच्या पद्धतीत मनुष्यबळ दोन, पैकी एक अनावश्यक बोलतं.

५ जुलै, गुरुवार

सोसायटीच्या गोदामात यंत्र लावून दाखवलं. गोदामापर्यंत वीज आहे, पुढे गावात नाही. सागाच्या तुकड्यात भोक: आठ सेकंद. मी घड्याळ हातात धरून मोठ्याने मोजले. नाद भुंग्यासारखा येतो. संध्याकाळपर्यंत गावाने त्याचं नावच भुंगा ठेवलं.

गुणाजी एवढा खूश झाला की त्याने तुकड्याला नऊ भोकं पाडून घेतली.

धर्माजींना म्हटलं, धरून पाहा. म्हणाले, हात ओले आहेत. मी पंचा दिला. म्हणाले, "उद्या." मनुबाई म्हणाल्या, "ह्यांना नवीन चपला पन दोन म्हैने चावतात."

जुनी माणसं यंत्राला भितात. हे वाक्य अहवालात घालावं का? नको. त्यांनी ऐकलं तर वाईट दिसेल.

८ जुलै, रविवार

गोदामापासून होडी दोनशे दहा फूट. यंत्राची वायर बारा फूट. माझ्याजवळची जादा वायर साठ. गोदामातून पडवीत आलो, पडवीतून फणसापर्यंत. तिथे वायर संपली आणि पाऊस सुरू झाला. मी यंत्र छत्रीखाली धरून उभा राहिलो. पाय ओल्या वाळूत.

शॉक बसला. मी उडी मारली असं म्हणतात. मला आठवत नाही. भुंगा वाळूत पडला, त्याला काही झालं नाही.

मनुबाई मांडवातून ओरडल्या, "सेक्रेटरी, गौरीला अजून येळ हाय! आताच काय नाचता?"

टिपण: उघड्यावर, पावसाळ्यात, यंत्र वापरणाऱ्याच्या अंगी चपळाई आवश्यक.

११ जुलै, बुधवार

उपाय सुचला. यंत्र होडीकडे जात नसेल तर फळ्या यंत्राकडे याव्यात. गुणाजीने चार गडी दिले. तीन मोठ्या फळ्या गोदामात आणल्या. मी काल टेप घेऊन दोन फासळ्यांमधलं प्रत्येक अंतर मोजलं, कागदावर लिहिलं, फळ्यांवर खडूने खुणा केल्या. सकाळी नऊ ते अकरा, शहाण्णव भोकं. मीच पाडली. काही किंचित तिरपी आहेत, पण ओळीत आहेत. फार सुंदर दिसतात.

धर्माजी आले. खडूच्या खुणांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. फळीवरून अंगठा फिरवत गेले, भोकाशी थांबले, पुन्हा पुढे. शेवटी म्हणाले, "आन् वाकल्यावर?"

मी विचारलं, "कोण वाकल्यावर?"

ते हसले आणि गेले.

सामता वापरला असता तर एवढ्याला साडेसहा तास. मी आज झोपताना हा आकडा पुन्हा एकदा मनात म्हणणार आहे.

१४ जुलै, शनिवार

फळी वाकते.

हे मला कोणी सांगितलं नाही असं लिहिणार होतो. पण सांगितलं होतं. बुधवारी, एका शब्दात.

फळी सरळ असते तेव्हा ती फळी. होडीवर चढवली की पोटाच्या अंगाने वळते, टोकाला पिळते. पहिली दोन भोकं फासळीवर बसली. तिसरं काठावर. नंतर प्रत्येक भोक थोडं थोडं मागे पडत गेलं, टोकाला चार बोटं. शहाण्णवांपैकी सतरा कामाची. बाकीच्यांतून खाडी दिसते.

गुणाजीने फळीला डोळा लावला आणि म्हणाला, "वा! होडी बांधताव का चाळन? ह्यातनं पानी गाळून पिऊ काय आमी?"

मनुबाईंना हसू आवरेना. त्या वाळूत बसल्या. उठवायला गेलो तर माझा हात धरून आणखी हसल्या.

धर्माजींनी सागाच्या बारीक खुंट्या तासायला घेतल्या, एकेक भोकात मुशी माशाच्या तेलात भिजवून ठोकायला लागले. भोक शोधताना ते मान खाली घालत नाहीत. बोटं फळीवरून जातात आणि बरोबर थांबतात. माझ्या हिशेबात एकोणऐंशी वाया गेली होती. त्यांना एक्याऐंशी सापडली. अनुभव म्हणतात तो हा.

गुणाजीने मला सर्वांसमक्ष सांगितलं, "सेक्रेटरी, ह्यापुढं भुंग्याला तुमी हात लावायचा न्हाय. समुद्रात माजं पोर जानार हाय ह्या होडीतून. मागल्या साली पलीकडच्या विठोबा सुताराचा हात थरथराया लागला, त्या दिवसापास्नं त्याला कोनी पाट बी कराया दिला न्हाय. सुताराचा हात गेला का डोळा गेला, संपलं. मग तुमी कोन?"

धर्माजींचा हातोडा थांबला होता. मनुबाई उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "चला, बस झालं हसनं. काम पडलंय. अवो, हातोडा उजवीकडं हाय तुमच्या."

१९ जुलै, गुरुवार

मनुबाई विहिरीवर शेवाळावरून घसरल्या. उजवं मनगट सुजलं आहे. मैदालकडीचा लेप आणि वर फडकं. महिनाभर दोरी ओढायची नाही.

मोडलेलं नाही, हे बरं. पौर्णिमेला सत्तावीस दिवस. भोकं उरली सुमारे सातशे.

गुणाजी म्हणाला, दुसरा गडी देतो. धर्माजी म्हणाले नको. कारण सांगेनात. गुणाजी चिडला. "पुनवेला होडी पान्यात न्हाय गेली तर हंगाम बुडला. मंग पुढची होडी मी श्रीवर्धनला सांगनार, काका. नात्याला काय चाटू?"

मी मध्ये पडलो. मी ओढतो, म्हणालो.

२१ जुलै, शनिवार

सामता ओढला. हे दिसतं तसं सोपं नाही. डावा हात पुढे गेला की उजवा मागे, आणि दांडा डोलता कामा नये. पहिली दोन भोकं बरी पडली. तिथे खिळ्याने टोचून खूण केलेली होती, धर्माजींनी अंगठ्याने चाचपून टोक ठेवलं. पुढच्या खुणा माझ्या होत्या, खडूच्या. ते म्हणाले, "बोला ना कायतरी."

"काय बोलू?"

"मनू बोलते तसं."

मला बायकोसारखं बोलता येत नाही. लग्न झालेलं नाही. मी तिसऱ्या पंचवार्षिक योजनेबद्दल सांगायला सुरुवात केली. मासळीचं उत्पादन, किनाऱ्यावरचे बर्फाचे कारखाने. ते लक्ष देऊन ऐकत होते. तीन भोकं पडली. तिन्ही फासळी सोडून.

ते म्हणाले, "योजना बरी हाय. पन भोक कुठं पडलं?"

दुपारी मनुबाई हात गळ्यात बांधून आल्या आणि पालथ्या टोपलीवर बसल्या. मी ओढत होतो, धर्माजी धरत होते, त्या बोलत होत्या. वर. खाली. अवो, तिकडं कुठं, तिकडं काय ठेवलंय? संध्याकाळपर्यंत सव्वीस भोकं, एकही चुकलं नाही.

निष्कर्ष: चाळीस वर्षांच्या कटकटीची माणसाला इतकी सवय होते की शांततेत त्याचं मन लागत नाही.

माझ्या तळहातांवर सहा फोड आहेत.

२४ जुलै, मंगळवार

दिवसाला सव्वीस. सातशेला सत्तावीस दिवस. उरले बावीस. शिवाय सोसायटीचं काम मीच बघायचं, आणि हातांना पट्ट्या. लिहिताना बोरू धरल्यासारखं पेन धरतो.

म्हणजे भुंगाच हवा, आणि तोही होडीजवळ. गुणाजीला सांगितलं. तो म्हणाला, "चालवनार कोन? तुमी?" मी म्हणालो, "नाही. धर्माजी."

धर्माजी म्हणाले, "न्हाय जमनार." मनुबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जमंल. मी हाय ना."

त्यांचा काय संबंध, ते मला कळलं नाही. पण मदत झाली.

२९ जुलै, रविवार

तालुक्याहून वायरमन आणला. गोदामापासून होडीपर्यंत अकरा बांबू. त्यांच्यावरून वायर, सांध्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे. मांडवाजवळच्या माडाला लाकडी पाट ठोकला आहे, त्यावर खटका. खटका मोठा आहे, दाबला की मांडवभर ऐकू येतो. धर्माजींच्या पायाखाली लाकडी फळ्या, वर गोणपाट. पावसाचा थेंब येणार नाही.

धर्माजींनी आज प्रथम यंत्र हातात घेतलं. वजन पाहिलं, टोकाला बोट लावलं, घोडा दाबला. भुंगा ओरडला. ते म्हणाले, "तापट हाय. पन सरळ हाय." मला कोणीतरी मुलगी पसंत केल्यासारखा आनंद झाला.

मग भोकं. पहिलं चुकलं. दुसरं चुकलं. मनुबाई ओरडत होत्या, पण भुंग्यापुढे काही ऐकू येईना. धर्माजी दर वेळी घोडा सोडत, कान देत, पुन्हा दाबत. तोवर हात हललेला. बारा भोकांत पाच खुंट्यांची भरती.

गुणाजी हसला नाही. ते मला आवडलं नाही.

कारण शोधलं: यंत्राच्या कंपनामुळे नवशिक्याचा हात सरकतो. लिहून ठेवलं.

३० जुलै, सोमवार

मनुबाईंनी धर्माजींच्या कमरेला काथ्याची दोरी बांधली आणि टोक स्वतःच्या डाव्या हातात घेऊन मागे बसल्या. मी विचारलं, हे काय?

"शॉक लागला तर वढाया. तुमी नाचलाव तवा तुमाला कोन व्हतं?"

उत्तम कल्पना. मला कशी सुचली नाही? आज चौपन्न भोकं, सगळी फासळीवर. भीती गेली की हात स्थिर होतो. त्या मधूनमधून दोरीला हिसका देतात, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. गाठ पक्की आहे ना ते पाहत असाव्यात.

३१ जुलै, मंगळवार

अवस. एकसष्ट भोकं.

गावातली माणसं बघायला येतात. गुणाजी म्हणाला, "काका, काकीनं दावं लावलं काय?"

धर्माजी म्हणाले, "चाळीस वरसं लावलेलंच हाय. आता दिसाया लागलं एवढंच."

मांडव हसला. मनुबाईंनी दोरीला जोरात हिसका दिला. त्या वेळी भुंगा बंद होता.

३ ऑगस्ट, शुक्रवार

अहवालासाठी कच्ची टिपणं. छपराखाली: भुंगा श्रेष्ठ, वाद नाही, मात्र फळी आधी वाकवावी. उघड्यावर: सामत्याला वायर लागत नाही, पाऊस चालतो, खारं वारं चालतं, वाळूत पडला तर झटकून घेता येतो. भुंग्याला अकरा बांबू लागतात. भुंग्याचं भोक गुळगुळीत पडतं. धर्माजी म्हणतात, खिळा त्यात घसरतो, म्हणून ते खिळ्याला कापूस जरा जास्त गुंडाळतात. सामत्याचं भोक खरबरीत, खिळा धरून ठेवतं. वेळेच्या बाबतीत मात्र तुलनाच नाही.

माणसं: सामत्याला दोन. भुंग्याला एक.

हे लिहिलं आणि थांबलो. भुंग्याला धर्माजी, आणि दोरीला मनुबाई. म्हणजे दोनच. तालुक्याला हे आवडणार नाही. एक माणूस वाचतं, याच आशेवर यंत्र पाठवलं आहे. पण खोटं कशाला लिहायचं? मी लिहिलं: यंत्र चालवणाऱ्याच्या कमरेला सुरक्षेची दोरी असावी व तिचं टोक विश्वासू माणसाकडे असावं.

९ ऑगस्ट, गुरुवार

भोकं संपली. एक सोडून. धर्माजींची रीत अशी की शेवटचा खिळा होडी पाण्यात जायच्या दिवशी, भरतीच्या आधी मारायचा. मागच्या बाजूला, सुकाणूपाशी, एक खूण राखली आहे. ते भोक साहेबांसमोर पाडायचं, भुंग्याने. कल्पना माझी.

धर्माजींना सांगितलं. म्हणाले, "दोरी असंल ना?" म्हटलं, असेल. म्हणाले, "मंग व्हय."

केवढा धीट कारागीर, आणि शॉकला किती भितो.

१३ ऑगस्ट, सोमवार

अहवाल पक्का लिहून झाला. मनुबाई सुकटीची पुडी घेऊन आल्या. "वाचा बगू." त्यांना अक्षरं येत नाहीत. मी दोरीचा परिच्छेद वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या, मग पदर तोंडाला लावला. हसल्या की काय, कळलं नाही.

"आन् ह्यांच्याबद्दल काय लिवलंव?"

"कुशल कारागीर, असं लिहिलंय."

"आनखी?"

"आणखी काय लिहू?"

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "येवढंच ऱ्हाऊ द्या."

सुकट चांगली होती.

१५ ऑगस्ट, बुधवार

क्रमाने लिहितो.

आठला शाळेत झेंडावंदन. साहेब जीपमधून आले, सोबत फोटोवाला. सकाळपासून ऊन, ढगाचं नाव नाही. अकराला सगळे मांडवात. होडीला हळद-कुंकू, झेंडूची माळ. मनुबाईंनी हाताचं फडकं कालच सोडलं होतं. दोरी धर्माजींच्या कमरेला, टोक त्यांच्याकडे. मी माडाला टेकून, खटक्यापाशी उभा.

साहेब म्हणाले, "ही दोरी कसली?"

मी अहवालातला परिच्छेद क्रमांक सांगितला. साहेब हसले. "हा फोटो मुंबईला जायचा आहे. स्वतंत्र देशाचा कारागीर, हातात यंत्र. आणि कमरेला दावं? सोडा ते."

मी म्हणालो, "साहेब, सुरक्षेच्या दृष्टीने—"

"एका भोकाला काय होतं?"

गुणाजी पुढे झाला आणि त्याने गाठ सोडली. दोरी वाळूत पडली. मनुबाईंच्या हातात टोक तसंच.

धर्माजींनी यंत्र उचललं. डाव्या हाताने फळी चाचपली असती, पण फोटोवाल्याने दोन्ही हात यंत्रावर ठेवायला सांगितले. भुंग्याचं टोक फळीवर टेकलं. खुणेपासून चार बोटं अलीकडे.

गुणाजी म्हणाला, "काका, खूण तिकडं."

"म्हायत हाय," धर्माजी म्हणाले. टोक सरकलं. खूण ओलांडून पलीकडे गेलं.

कोणी तरी हसलं. गुणाजी हसला नाही. तो धर्माजींच्या तोंडाकडे बघायला लागला, मासळीच्या भावात लबाडी आहे का ते बघावं तसा. मनुबाईंनी बोलायला तोंड उघडलं, पण धर्माजींनी घोडा दाबला, भुंगा ओरडायला लागला. मनुबाई माझ्याकडे वळल्या. गेल्या दीड महिन्यात मी त्यांना कधी गप्प पाहिलं नव्हतं.

त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे.

वीज गेली.

भुंगा घरघरला आणि थांबला. टोकाचा फळीवर नुसता ओरखडा. साहेब म्हणाले, "आत्ताच?"

मी म्हणालो, "पावसामुळे जाते, साहेब."

साहेबांनी वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. निळंशार आभाळ. गोदामातला दिवा बघून यायचं कोणाला सुचलं नाही.

"कधी येईल?"

"सांगता येत नाही. कधी कधी दोन दिवस."

"भरती थांबनार न्हाय," धर्माजी म्हणाले. "मनू, सामता आन."

त्या आणेपर्यंत साहेब घड्याळ बघत होते. धर्माजींनी सामता धरला, मनुबाईंनी दोरी घेतली. मनगट दुखत असणार, तोंडावर दिसत होतं.

"खाली. खाली म्हंते ना. बास. आता उजवीकडं, उजवीकडं, तो तुमचा हात हाय का वल्हं? हां. दाबा. हलू नका. साह्येब बघतायत आन् तुमी डुलताव."

"गप गो."

"आज पन गप? आज सन हाय."

सगळा मांडव हसायला लागला. साहेबसुद्धा. गुणाजी म्हणाला, "काकी, आजच्या दिवशी तरी सोड त्यांना!"

"सोडलं असतं तर तुजी होडी झाली असती?"

"व्हय, ते पन खरं," गुणाजी म्हणाला आणि पुन्हा पहिल्यासारखा हसला.

भोक खुणेवर पडलं. फासळीच्या बरोबर मध्ये. धर्माजींनी खिळ्याला कापूस गुंडाळला आणि मारला. फोटोवाल्याने दोघांचा फोटो काढला. साहेब म्हणाले, 'पूर्वीची पद्धत' म्हणून छापता येईल.

साडेबाराला होडी पाण्यात गेली. चाळीस माणसं ढकलायला. एका जागी पाणी झिरपलं, ती खुंटी माझ्या भोकातली होती. तासाभरात फुगून बंद झाली.

जीपमध्ये बसण्यापूर्वी साहेबांनी अहवाल चाळला आणि शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिलं: उघड्यावर वीज भरवशाची नाही. यंत्र परत पाठवावे. मग मला म्हणाले, "तुमच्या ऑर्डरचं पुढच्या वर्षी बघू."

मी "हो साहेब" म्हणालो. आणखी सुचलं नाही.

सुचलं असतं तरी म्हणालो नसतो.

१६ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी गोदामात यंत्र बांधत होतो. धर्माजी आले. बाहेर मनुबाई कोणाशी तरी मासळीवरून भांडत होत्या. ते पेटीवर बसले.

"चालला काय भुंगा?"

"उद्या सकाळी. गाडी सांगितलीय."

त्यांनी हात पुढे केला. मी यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्याच्यावरून तळवा फिरवला, टोकापासून वायरपर्यंत. "बरं हत्यार व्हतं. आरडायचं फार, येवढंच."

मग म्हणाले, गुणाजीने भावासाठी दुसरी होडी सांगितली आहे. दिवाळीनंतर सुरू करायची. श्रीवर्धनचं नाव काढलं नाही.

मी म्हणालो, छान झालं. यंत्र परत घेतलं, पेटीत ठेवलं, भोवती पेंढा भरू लागलो. ते उठले नाहीत.

"सेक्रेटरी."

"काय?"

"मी कान दिऊन व्हतो काल. वीज आपसूक गेली तर खटका वाजत न्हाय."

मी पेंढा दाबत राहिलो. त्या पेटीत आणखी पेंढा मावणार नव्हता.

"व्हय," मी म्हणालो.